लहान मुलांचे कपडे आणि बूट: वाढ लांबीत ठेवावी, रुंदीत नाही

चोपडा तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, धुळ्याला घरातले लग्न आहे आणि हळदीपासून वरातीपर्यंत दोन दिवस तिला नटवायचे आहे. सासूबाई म्हणतात, वाढते अंग आहे, दोन नंबर मोठेच घ्या. मोबाइलवरून मागवलेले दोन फ्रॉक वयाप्रमाणे घेतले, तरी खांद्यावरून उतरतात. बूट काही दिवसांतच लहान होतात किंवा टाचेतून निसटतात. शिवाय तिचा तळपाय सपाट दिसतो, म्हणून कोणीतरी खास महागडे बूट सुचवले आहेत. ती सुंदर दिसावी आणि दिवसभर कुरकुरही करू नये, असे काय घ्यावे?

जळगावात लहान मुलांचे कपडे शिवणे आणि विकणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे मी आधी सासूबाईंच्या सल्ल्याविषयी लिहिते, कारण तो निम्मा बरोबर आहे आणि सगळी गफलत उरलेल्या निम्म्यात आहे. मूल वाढते हे खरे, पण ते सर्व बाजूंनी सारखे वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मुलीची मध्यक उंची तिसऱ्या वर्षी सुमारे ९५ सेंटिमीटर आणि चौथ्या वर्षी सुमारे १०३ सेंटिमीटर असते, म्हणजे एका वर्षात उंचीत सात-आठ सेंटिमीटरची भर पडते. त्याच वर्षात छातीचा घेर मात्र साधारण एक-दोन सेंटिमीटरनेच वाढतो आणि खांद्यांची रुंदी त्याहूनही कमी. म्हणून दोन नंबर मोठा कपडा घेतला की जिथे वाढ होणार नाही तिथेच तो सर्वांत जास्त ढगळ होतो, गळा एका खांद्यावरून घसरतो, बाही कोपराखाली लोंबते आणि मूल कपड्यात हरवल्यासारखे दिसते. पुढच्या वर्षी खांदा जेमतेम बसू लागतो, तोवर कापड विटलेले असते. वाढीची तरतूद करायचीच असेल तर ती लांबीत करावी. खांदा, छाती आणि गळा आजच्या मापाचेच असावेत.

शिवून घेणार असाल तर हे अगदी सोपे आहे. शिंप्याला स्पष्ट सांगावे की फ्रॉकच्या किंवा परकराच्या खालच्या घेराला आत दोन ते तीन इंचांची दुमड ठेवा, बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे अर्धा ते पाऊण इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडा आणि बाहीच्या टोकाला एक इंच आत दुमडा. घेराची दुमड हाताने तुरपलेली असावी, म्हणजे उसवताना कापडाला भोके पडत नाहीत. सुती परकराला खालून चार बोटांवर दोन-तीन आडव्या टक घातल्या तर त्या नक्षीसारख्या दिसतात आणि पुढच्या वर्षी एकेक उसवून लांबी वाढवता येते. जुन्या दुमडीची रेघ उन्हापाण्याने वेगळी दिसू लागली, तर तिच्यावर बारीक लेस किंवा गोट लावावा, कपडा उलट नवा दिसतो. काटकसर आणि देखणेपणा यांचे एवढे चांगले जमते ते शिवलेल्या कपड्यातच, कारण तयार कपड्यात कारखानदार कापड वाचवण्यासाठी माया जवळपास ठेवतच नाहीत. तयार फ्रॉक घेताना तो उलटा करून आतली शिवण पाहण्याची सवय लावून घ्यावी. तिथे जेमतेम पाव इंच कापड आणि सुटलेले धागे दिसले, तर तो फ्रॉक एका हंगामाचाच आहे असे समजून त्याची किंमत ठरवावी.

अंगात घातल्यावर कपडा बसला की नाही हे समोरून पाहून कळत नाही. मूल आरशापुढे दोन क्षण ताठ उभे राहते आणि त्या दोन क्षणांत सगळेच कपडे छान दिसतात. मी आधी खांद्याची शिवण पाहते. ती खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी, दंडावर उतरू नये. मग मुलाला दोन्ही हात वर करायला सांगते. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेचा घेर, घट्ट असेल तर अख्खा फ्रॉक वर ओढला जातो आणि काखेत वळ उठतो. मुंढा फार खोल असेल तरीही कपडा वर चढतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यानंतर मुलाने उकिडवे बसावे, मांडी घालावी आणि पुढे वाकून जमिनीवरची वस्तू उचलावी. या वयात पोट पुढे आलेले असते आणि ते तसेच असणे स्वाभाविक आहे, त्यामुळे पुढची बाजू मागच्यापेक्षा वर उचललेली दिसते. चांगला शिंपी ही कसर पुढचा भाग अर्धा इंच लांब कापून भरून काढतो. छातीवर न ताणणाऱ्या कापडात अंगाच्या मापापेक्षा दोन-अडीच इंचांची सैल जागा पुरते, होजिअरीत एक इंचही पुरेसा होतो.

गळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ४८ ते ५० सेंटिमीटर असतो आणि मानेचा घेर त्याच्या साधारण निम्मा. मोठ्यांच्या मानाने मुलांचे डोके शरीराच्या हिशोबात बरेच मोठे असते. त्यामुळे गळा दिसायला नेटका हवा असेल तर त्याला खांद्यावर दोन टिचबटणे, मागे काज-बटण किंवा चेन असलीच पाहिजे. नाहीतर एक तर गळा मोठा कापावा लागतो आणि तो घसरतो, किंवा तो डोक्यातून ओढताना कान दुमडतात आणि मूल त्या कपड्याचा धसका घेते. अनेक मुले ‘नवीन कपडे घालायला रडतात’ त्यामागे हट्ट नसून हा अरुंद गळा असतो. चेन असेल तर तिच्या आतून कापडाची पट्टी हवी, आणि चेनचे वरचे टोक मानेला टोचत नाही हे स्वतःच्या मनगटावर घासून पाहावे.

आता आकड्यांचा घोळ. तयार कपड्यांवर ‘३-४ वर्षे’ असे छापलेले असते, पण वय हे माप नव्हे. साडेतीन वर्षांच्या मुलीची मध्यक उंची सुमारे ९९ सेंटिमीटर असते, म्हणजे तिच्या वयाच्या निम्म्या मुली त्याहून कमी उंचीच्या असतात आणि निम्म्या जास्त. आपल्या बाजारात १६, १८, २०, २२ असे जे नंबर चालतात ते बहुधा इंचांतल्या मापावरून आलेले असतात. पण कोठे ते लांबीचे असतात तर कोठे छातीचे, आणि प्रत्येक कारखान्याचा तक्ता निराळा असतो. म्हणून एका दुकानातला २० नंबर दुसऱ्या दुकानात मागू नये. मोबाइलवरून मागवताना मुलीची उंची, छाती, कंबर आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवावी आणि तक्त्यातील आकडे अंगाचे आहेत की कपड्याचे, हे आधी वाचावे. कपड्याचे असतील तर छातीच्या आकड्यातून पाच-सहा सेंटिमीटर वजा करून अंगाशी ताडावे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे तिला आज व्यवस्थित बसणारा एखादा फ्रॉक सतरंजीवर सपाट पसरून मोजणे आणि त्याच्याशी तुलना करणे. आपण मागवलेले दोन्ही फ्रॉक खांद्यावरून उतरतात याचा अर्थ मुलगी बारीक चणीची आहे. तिच्यासाठी छातीच्या मापाने नंबर निवडावा आणि लांबी कमी वाटल्यास खाली झालर जोडावी; उंचीच्या मापाने घेतलेला कपडा खांद्यात आटवणे मात्र फार कटकटीचे काम आहे आणि ते क्वचितच सफाईदार होते.

कापडाच्या बाबतीत खान्देशात निवड करायला फारसा वावच नाही, असे मी म्हणेन. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि धुळेही त्यात फार मागे नसते. ज्या मातीत कापूस पिकतो त्याच मातीतल्या लग्नांत आपली मुले नेट, साटीन आणि नायलॉनच्या झगमगाटात घामाघूम होऊन रडत असतात, हे मला दरवर्षी खटकते. सुरत जवळ असल्याने हे कापड स्वस्त आणि मुबलक मिळते, त्यात सुरतेचा दोष नाही. पण पॉलिएस्टर घाम शोषत नाही, आणि घाम अंगावरच राहिला की मान, काख आणि कोपराच्या घडीत घामोळ्या उठतात. अंगाला लागणारा थर सुतीच हवा, हा नियम पाळला तर वरच्या थराशी थोडी तडजोड चालते. नेटचा किंवा जरीचा घेर हवाच असेल तर त्याला मलमल किंवा केंब्रिकचे पूर्ण अस्तर लावून घ्यावे आणि ते कंबरेपुरते न थांबवता गुडघ्याखाली न्यावे. जरीकाम, टिकल्या, खडे यांची मागची बाजू हाताने चाचपावी. जे आपल्या मनगटाला टोचते ते तिच्या पोटाला अधिक टोचेल. महेश्वरी किंवा चंदेरीसारखे सूत-रेशमी कापड उन्हाळ्यातल्या समारंभाला फार शोभते. वजनाला हलके असते आणि त्याची चमक डोळ्यांना खुपत नाही. घरात आईची किंवा आजीची जुनी सुती-रेशमी साडी असेल आणि तिचे पोत विरलेले नसेल, तर तिच्या काठापदराचे परकर-पोलके हा माझ्या मते सर्वांत देखणा आणि सर्वांत स्वस्त पर्याय आहे. नवे सुती कापड मात्र बेतण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यातच मायेचा सगळा हिशोब चुकतो. तयार कपडाही घालण्यापूर्वी एकदा धुवावा. जास्तीचा रंग, खळ आणि कारखान्यातले रसायन त्यात निघून जाते.

देखणेपणाविषयी माझे मत थोडक्यात सांगते. छोट्या अंगावर छोटी नक्षी शोभते. तळहाताएवढी फुले तीन फुटांच्या मुलीवर दोनच मावतात आणि तीही कापली जातात. एका पोशाखात एकच गोष्ट बोलकी असावी: काठ बोलका असेल तर बाकी कापड साधे, रंग भडक असेल तर नक्षी नको. फ्रॉक गुडघ्याच्या किंचित वर किंवा बरोबर गुडघ्यावर संपावा. पोटरीच्या मध्यावर थांबणारा घेर मुलाला बुटके दाखवतो आणि धावताना पायातही येतो. फिक्या रंगांचे कापड उन्हात कमी तापते. आपल्याकडे वरण-बट्टीच्या पंगतीत त्यावर हळद-तुपाचे डाग पडणारच हे खरे, म्हणून मुहूर्तापुरता एक पोशाख आणि पंगतीपासून पुढे दुसरा साधा सुती फ्रॉक, अशी दोन पोशाखांची तयारी ठेवावी. हळदीला तर घरातलाच जुना पिवळा कपडा पुरतो. मुलांना मोठ्यांची छोटी आवृत्ती करण्याची जी चाल पडली आहे, तीन वर्षांच्या मुलाला ब्लेझर, टाय आणि घट्ट बांधलेला फेटा, ती मला उन्हाळ्यात तरी निर्दय वाटते. मुलगा असता तर मी सुती कुर्ता, इलास्टिकचा पायजमा आणि वर बिनबाह्यांची हलकी बंडी सुचवली असती. फोटो झाले की बंडी काढून ठेवता येते.

घागरा-ओढणीचा आग्रह असेल तर काही गोष्टी पक्क्या सांभाळाव्यात. घागऱ्याची लांबी घोट्याच्या दोन बोटे वर असावी. जमिनीला टेकणारा घागरा पायऱ्यांवर हमखास पाडतो. घेर कंबरेवरून लोंबण्यापेक्षा सुती बॉडीला जोडून घ्यावा, म्हणजे वजन खांद्यांवर येते, कंबरेला करकोचा पडत नाही आणि सारखे वर ओढावे लागत नाही. ओढणी पिनांनी न टाचता एका खांद्यावर आणि कंबरेवर टाके घालून शिवून टाकावी आणि तिचे सुटे टोक गुडघ्याच्या वरच संपवावे. आपल्याकडे आखाजीला झाडाझाडाला झोके बांधलेले असतात आणि निम्मे वऱ्हाड मोटारसायकलवर हिंडते. या दोन्ही ठिकाणी गळ्याभोवतीची मोकळी ओढणी, लांब नाडी किंवा लोंबते गोंडे अडकून फास बसू शकतो. लहान मुलांच्या कपड्यांत गळ्यापाशी ओढायची नाडी असू नये, असा दंडक युरोपातील मानकांनी सात वर्षांखालच्या मुलांसाठी घातला आहे आणि तो अगदी योग्य आहे. टिकल्या, मणी आणि बटणे जोरात ओढून पाहावीत. जे सुटते ते तोंडात, नाकात किंवा कानात जाते.

कंबर हा आणखी एक दुर्लक्षित भाग. इलास्टिकमध्ये दोन बोटे सहज जावीत आणि कपडा काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात दिसेनासा व्हावा. आपल्याकडे मुलांच्या कंबरेला करगोटा असतो. त्याच्यावरच घट्ट इलास्टिक आले की गाठ आणि मणी रुततात, म्हणून करगोट्याची गाठ बाजूला सरकवून मगच कपड्याचे माप घ्यावे. पोटावर येणाऱ्या धातूच्या बटणामागे कापडाची पट्टी नसेल तर काही मुलांना तिथे खाजरे चट्टे उठतात. ते बहुधा निकेल या धातूमुळे असते. आणखी एक व्यावहारिक मुद्दा असा, की साडेतीन वर्षांच्या मुलीला ‘शू आली’ म्हटल्यापासून फार तर दोन मिनिटे धीर असतो. डंगरी, जंपसूट किंवा मागे आठ हुकांचा पोशाख दिसायला कितीही गोड असला, तरी लग्नघराच्या गर्दीत तो घालणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. जो कपडा तिला स्वतःला खाली-वर करता येतो, तोच तिला आवडू लागतो, असेही मी पाहत आले आहे. दुकानात दहा कपडे पुढे टाकून ‘कोणता हवा’ विचारू नये. आपल्याला चालतील असे दोनच दाखवावेत आणि त्यातला तिने निवडावा.

बुटांच्या बाबतीत मात्र माया ठेवण्याची कोणतीही युक्ती चालत नाही, आणि म्हणूनच मी सगळ्या आयांना सांगते की पोशाखातले दोन पैसे कमी करा आणि ते बुटांत घाला. मोठ्या बुटात पाऊल पुढे-मागे सरकते, बूट पायात टिकावा म्हणून मूल बोटे आवळून चालते, टाचेला फोड येतात आणि पडझड वाढते. लहान बुटात बोटे वाकतात; आणि या वयात पायाची हाडे अजून काही अंशी कूर्चेच्या, म्हणजे मऊ आणि लवचिक, रूपात असल्यामुळे मूल दुखल्याची तक्रारही धड करत नाही. म्हणजे रडत नाही, एवढ्यावरून बूट बसतो असे समजता येत नाही.

माप असे घ्यावे. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगते, मुलीला कोऱ्या पुठ्ठ्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे आणि पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांची रेघ काढावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजावे; ते नेहमी अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पावलांत फरक असतोच, त्यातले मोठे धरावे. त्यात १० ते १२ मिलिमीटर मिळवून पुठ्ठा त्या आकाराने कापावा आणि तो घेऊन दुकानात जावे. तो बुटात सपाट, न वळता बसला की माप जमले. बुटाचे टोक वरून दाबून ‘अंगठा कुठे आहे’ पाहण्याची आपली जी पद्धत आहे ती फसवी आहे, कारण दाबताच मूल बोटे आखडून घेते. नंबरांचा हिशोबही एकदा समजून घ्यावा. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत मुलांचा शून्य नंबर ४ इंचांचा असतो आणि पुढचा प्रत्येक नंबर एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढतो. समजा पाऊल १५.५ सेंटिमीटर आहे, त्यात १.२ मिळवले की १६.७ होतात. ८ नंबर म्हणजे ४ इंच अधिक आठ तृतीयांश इंच, म्हणजे जवळपास १६.९ सेंटिमीटर, तेव्हा ८ नंबरपासून सुरुवात करावी. युरोपीय पद्धतीत एक नंबर सुमारे ६.७ मिलिमीटरचा असतो आणि तिथे हेच माप २५ च्या आसपास येते. कंपन्यांचे साचे वेगवेगळे असल्यामुळे शेवटचा कौल पुठ्ठ्याचाच मानावा. तीन ते पाच वर्षांच्या वयात पाऊल महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणून बूट ‘काही दिवसांतच लहान झाले’ तर ते घेतानाच लहान होते असे समजावे. आणि दर तीन महिन्यांनी पुठ्ठ्याचे माप पुन्हा घ्यावे.

बूट हातात घेतल्यावर आधी तो वाकवून पाहावा. तो बोटांच्या बुडाशी, म्हणजे चालताना पाऊल जिथे मुडपते तिथे सहज वाकला पाहिजे, पण मधोमध घडी पडू नये. टाचेकडची बाजू अंगठ्याने दाबल्यावर चेपून बसू नये. पुढचा भाग गोल आणि रुंद असावा. टोकदार मोजडी फोटोत शोभते, पण तिचा तळ कडक, गुळगुळीत आणि पुढचा भाग अरुंद असतो, म्हणून ती फोटोपुरतीच पायात असावी आणि शहाबादी फरशीवर तर नकोच. उंच टाचेचे सँडल या वयाच्या मुलींसाठी बाजारात मिळतात याचे मला आश्चर्य वाटते. ते घेऊच नयेत. मागे पट्टा असलेले आणि वरून वेल्क्रोने आवळता येणारे सँडल उन्हाळ्यातल्या लग्नाला सर्वांत सोयीचे. त्यांच्या आत बोट फिरवून शिवणीचा उंचवटा किंवा खिळ्याचे टोक लागते का ते पाहावे. वाळे किंवा पैंजण घालायचे असतील, किंवा पायाला काळा दोरा असेल, तर पट्टा त्यावर येऊन घासतो. तेव्हा सँडल ते दागिने घालूनच बसवून पाहावेत. बंद बूट घेतले तर सोबत सुती मोजे हवेत, आणि मोजाही मापाचा असावा, कारण आखूड मोजा बोटांना आखूड बुटाइतकाच आवळतो. चालताना पीं पीं वाजणारे बूट मुलांना फार आवडतात. मला आवडत नाहीत, पण ते घरापुरते असावेत यापलीकडे मी भांडत नाही.

मोटारसायकलवर मागे किंवा मध्ये बसलेल्या मुलाची टाच चाकाच्या तारांत जाऊन होणारी इजा आपल्याकडच्या डॉक्टरांना चांगली परिचित आहे आणि ती भयंकर असते. प्रवासात पायांत टाच झाकणारा बंद बूट असावा. नाजूक सँडल पिशवीतून न्यावेत आणि मांडवात घालावेत.

सपाट तळव्याची काळजी आपण करता ती समजण्यासारखी आहे, पण या वयात बहुतेक मुलांचा तळवा सपाटच दिसतो. तळव्याखाली चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू घडते. मुलीला चवड्यांवर उभे करून पाहावे. तसे उभे राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर खास बूट, कमानीची गादी किंवा पट्टा यांपैकी कशाचीही गरज सहसा नसते, आणि असे बूट घातल्याने कमान लवकर येते असेही नाही. घरात, ओट्यावर, मऊ मातीत आणि गवतावर तिला अनवाणी हिंडू द्यावे. पायाचे स्नायू त्यानेच तयार होतात. अर्थात वैशाखाच्या दुपारी डांबरावर किंवा तापलेल्या फरशीवर अनवाणी सोडणे वेगळे, तिथे पाय भाजतात. पाय दुखतो म्हणून ती चालायचे टाळत असेल, लंगडत असेल, तळवा ताठ असेल किंवा एकाच पायात फरक दिसत असेल, तर बुटांच्या दुकानात न जाता बालरोगतज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

थोरल्या भावंडांचे कपडे धाकट्याला घालण्यात काहीच कमीपणा नाही. चांगले धुतलेले जुने सुती कापड नव्यापेक्षा मऊच असते. वापरलेले बूट मात्र देऊ नयेत, कारण आतला तळ पहिल्या मुलाच्या पावलाच्या ठशाने दबलेला असतो आणि बाहेरचा तळ त्याच्या चालीप्रमाणे झिजलेला असतो. दोन-चार वेळाच घातलेला, तळ न झिजलेला जोड याला अपवाद आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला किलोभर चिकटतो आणि कापडी बूट दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा मागे पट्टा असलेले रबरी सँडल बरे. थंडीत लोकरीचा स्वेटर सुती बनियनवरच घालावा; एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ थर अधिक ऊब देतात आणि दुपारी एक काढता येतो.

आपल्या लग्नापुरते वेळापत्रक असे ठेवावे. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या परकर-पोलक्याला लागणारे कापड आत्ताच घ्यावे, आणि ते नेमके किती हे परकराचा घेर ठरवून शिंप्यालाच विचारावे. फ्रॉकला सव्वा ते दीड मीटर सहसा पुरते. लग्नसराईत शिंपी मिळणे कठीण असते, म्हणून महिनाभर आधी कापड टाकावे, पण माप मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी पुन्हा एकदा द्यावे. सँडल पंधरा दिवस आधी घ्यावेत आणि घरात रोज थोडा वेळ घालून ठेवावेत. पहिल्या दिवशी दहा मिनिटांनी काढून पावलावर लाल ठिपके उठले आहेत का ते पाहावे. उठले असतील तर दुकानदाराकडे तेव्हाच परत जाता येते. पूर्ण पोशाख एकदा लग्नाआधी घालून तिला तासभर खेळू द्यावे. जे टोचते, घसरते किंवा अडकते ते त्या तासात कळते आणि शिंप्याकडे दुरुस्तीला अवधी उरतो.

हेच परकर-पोलके दिवाळीला पुन्हा घालायचे असेल तर घेराची एक टक उसवावी. सहा महिन्यांत तिची उंची तीन-चार सेंटिमीटरने वाढलेली असेल, खांदा जवळपास तोच असेल. मात्र पणत्या लावताना आणि फटाके उडवताना तो घेरदार पोशाख बदलून अंगासरसा सुती फ्रॉक घालावा. नायलॉन-पॉलिएस्टर पेटले की वितळून कातडीला चिकटते, आणि सुती कापडही घेर मोठा असेल तर झटकन पेट घेते.